विदर्भावर लिहायचंय? आधी तालुका सांगा

भेगाळलेली जमीन, कर्जबाजारी शेतकरी, तोंड पोळवणारं सावजी मटण आणि ‘काऊन बे’ (का रे) म्हणत हसवणारं एखादं पात्र. विदर्भावरची निम्मी फीचरं आणि रील्स या चार गोष्टींवर उभी असतात. यातलं काहीच खोटं नाही. फक्त ते एखाद्या तालुक्यातलं, एखाद्या महिन्यातलं खरं असतं आणि अकरा जिल्ह्यांवर बारा महिने पसरवलेलं असतं. पत्रकार, व्हिडिओवाले, समाजकार्याचे विद्यार्थी, पटकथा लिहिणारे, अशा बाहेरून येणाऱ्यांसाठी ही कामाची यादी आहे. गावातल्या लिहित्या पोरांनाही ती उपयोगी पडेल, कारण साचे काही एकट्या पुण्या-मुंबईत तयार होत नाहीत.

नकाशा उघडा, मग वही

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे पाच जिल्हे अमरावती विभागात येतात. जुनं वऱ्हाड ते हेच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे सहा नागपूर विभागात. पश्चिमेला कापूस, सोयाबीन, तूर. पूर्वेला धान. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत १३०० च्या वर. भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचे मामा तलाव, गावोगाव आहेत. तेव्हा ‘कोरडा विदर्भ’ असं लिहिलंत की भंडाऱ्याचा वाचक तिथेच पान उलटतो.

एक सोपी चाचणी आहे. लेखात ‘विदर्भातला शेतकरी’ जिथे जिथे आलाय तिथे ‘अर्जुनी मोरगाव तालुक्यातला धान पिकवणारा शेतकरी’ असं घालून वाक्य पुन्हा वाचा. मग ‘वरूड तालुक्यातला संत्रा बागायतदार’ घाला. दोन्हीकडे वाक्य टिकलं तर ठेवा. बहुतेक वेळा टिकत नाही. मग तुमचं वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याचा जिल्हा, तालुका आणि पीक पहिल्या परिच्छेदातच लिहून टाका.

सल्ले देताना तर हे फारच जपायला हवं. ‘इथले लोक विहिरी का खणत नाहीत?’ हा पाहुण्यांचा आवडता प्रश्न. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, बाळापूर, संग्रामपूर या बाजूला, खारपाणपट्टा आहे. तिथे खणलं तर पाणी लागतं, पण खारट. ते प्यायच्या उपयोगाचं नसतं, आणि काळ्या चिकण जमिनीला सतत दिलं तर जमीन चोपण, म्हणजे कडक आणि निकस, होते. म्हणून तिथला शेतकरी पावसाच्या पाण्यावर, शेततळ्यावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर हरभरा काढतो. हे ठाऊक नसलेला माणूस त्यालाच आळशी ठरवून मोकळा होतो.

कोणत्या महिन्यात गेलात, ते छापा

बाहेरच्यांच्या फेऱ्या बहुधा एप्रिल-मे मध्ये होतात, कारण ‘दुष्काळ’ तेव्हा दिसतो. पण काळी कापसाची जमीन दर उन्हाळ्यात फाटते. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते, मग मागच्या वर्षी पाऊस चांगला झालेला असो वा नसो. हात जाईल एवढी भेग पडली म्हणजे पीक बुडालं असं नाही. जमीन खोलवर तापली आणि मोकळी झाली म्हणून शेतकरी उलट समाधानीही असतो. दुष्काळाचा फोटो हवा असेल तर तो ऑगस्ट-सप्टेंबरात, उभ्या पिकात काढावा लागतो: माना टाकलेली पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं, शेंगा न भरलेलं सोयाबीन. मे महिन्यातल्या भेगांना ‘दुष्काळाच्या झळा’ असं शीर्षक देणं चूकच. तशीच गत मेळघाटातल्या पानं गळालेल्या सागाची. ते जंगल मेलेलं नसतं, पानगळीचं असतं.

कुठे कधी जायचं ते असं:

– जून: पेरणी. पहिला पाऊस पडून मध्येच उघाड पडली तर दुबार पेरणीचं संकट. बातमी इथे असते, पण कुणाला बोलायला वेळ नसतो.
– जुलै-ऑगस्ट: पूर्वेकडे धानाची रोवणी, पश्चिमेकडे निंदण आणि डवरणी. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा.
– सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: सोयाबीनची सोंगणी. दिवाळीचा पैसा यातूनच येतो, म्हणून याच दिवसांत भाव पडला की ओरड होते.
– ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून: कापसाची वेचणी. बऱ्याच गावांत पहिल्या वेचणीला शेतात सीतादहीची पूजा होते. संत्र्याचा अंबिया बहार याच सुमारास तुटतो; मृग बहार फेब्रुवारीनंतर.
– दिवाळी ते होळी: झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम. कंपन्यांचा कारभार वडसा म्हणजे देसाईगंजहून चालतो, प्रयोग रात्रभर चालतात, जोडीला मंडई आणि दंडार हे लोकनाट्य. ‘तिथे काही घडत नाही’ असं लिहिणाऱ्याने या दिवसांत एकदा तिकीट काढून बसावं.
– मार्च-एप्रिल: मोहफूल. एप्रिलअखेरपासून तेंदूपत्ता.

मेळघाटात जानेवारीत गेलात तर काही गावांत म्हातारी माणसं आणि लेकरंच दिसतील. कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. म्हणजे ‘ओस पडलेलं गाव’ हा फोटो जानेवारीचा असतो, मार्चचा नसतो.

बोलायला कधी, कुठे बसायचं

वेचणीची मजुरी किलोवर असते. अर्ध्या तासाच्या मुलाखतीत बाईचे काही किलो जातात, आणि ते तुम्ही भरून देत नाही. कापसाच्या ओळीतून तिच्यासोबत चाला, जमेल तसा कापूस वेचा आणि चालता चालता विचारा. बोंडाची टोकं बोटांना कशी लागतात, कमरेची ओटी भरली की कंबर कुठे भरून येते, हे विचारल्याशिवाय कळतं. सविस्तर बोलणं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाखाली. रोवणी गुत्त्यावर, म्हणजे ठेक्यानं, घेतलेली असेल तर दिवसा कुणाला थांबवूच नका. संध्याकाळी घरी जा.

उत्पन्न किती, असं थेट विचारलं की आकडा हमखास चुकतो: सरकारी माणूस समजून कमी, पाहुणा समजून जास्त. त्यापेक्षा क्रम असा ठेवा. शेती किती एकर? त्यातलं ओलीत, म्हणजे सिंचनाखालचं, किती? स्वतःची की मक्त्यानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं? कापूस एकरी किती झाला? कोरडवाहूला एकरी ४-६ क्विंटल हा नेहमीचा उतारा. कुणी १५ सांगितला तर ओलिताबद्दल पुन्हा विचारा. कर्जाचा प्रश्न शेवटी, एकट्यात. पारावर दहा जणांसमोर ‘सावकाराचं किती?’ असं विचारलं तर उत्तर खोटं मिळतं आणि माणूस कायमचा दुखावतो.

हाक मारताना भाऊ, काकाजी, बाई, मावशी पुरे. नागपुरातलं ‘बे’ दोस्तांमधलं आहे. परक्या माणसाने ते जवळीक दाखवायला वापरलं की कानाला लागतं.

आत्महत्येवर लिहिताना

२००६ साली केंद्राने ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं ते सहा जिल्ह्यांसाठी होतं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा. तेव्हापासून ‘आत्महत्याग्रस्त’ हा शब्द कागदांतून बातम्यांत आणि तिथून गावाच्या नावाला चिकटला. ज्या गावात एक मृत्यू झाला तिथली पोरं पुढे नोकरीच्या, लग्नाच्या बोलण्यात तेच ऐकतात. गावाच्या नावामागे हा शब्द लावू नका.

मृत्यूची पद्धत लिहू नका. ‘कर्जामुळे’ असं एकच कारण ठोकू नका. कर्ज, नापिकी, आजारपण, दारू, घरातलं लग्न हे सगळं गुंतलेलं असतं. नवऱ्याचा फोटो हातात धरून दारात उभी केलेली बाई, ही चौकट आता मोडायलाच हवी. तिला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: सातबारा कुणाच्या नावावर झाला? मदतीसाठी प्रकरण पात्र ठरलं की अपात्र? सरकारी मदत १ लाखाची, त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. ते मिळाले का? शेती मक्त्याची असेल आणि घरात कुणाच्याच नावावर जमीन नसेल, तर प्रकरण अपात्र ठरण्याचा धोका मोठा. लेखाखाली टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ द्या.

गडचिरोली म्हणजे एक रंग नव्हे

बारा तालुक्यांचा जिल्हा आहे. उत्तरेला देसाईगंज-आरमोरी धानाचं, बाजारपेठेचं, दक्षिणेला सिरोंच्यात तेलुगू कानावर पडते, भामरागडला माडिया आदिवासींची माडिया. देसाईगंजमधल्या राइस मिलवरच्या बातमीत ‘नक्षलग्रस्त’ हे विशेषण घालायचं काही कारण नसतं. या विशेषणाचा तोटाही हिशेबी आहे. तिकडची बदली ही शिक्षा मानली जाते, रुजू झालेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या अर्जात असतो आणि दवाखान्यातली जागा रिकामी राहते. दुसऱ्या बाजूने ‘भोळे आदिवासी’ हाही साचाच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ग्रामसभेचा ठराव, नकाशे, पुरावे यांचं ते किचकट काम होतं. भोळेपणाने होणारं नव्हतं.

बोली कशी लिहायची

निवेदन तुमच्या भाषेत, बोली फक्त संवादात. वऱ्हाडी आणि झाडीबोली एकमेकींत मिसळू नका: वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’, झाडीत ‘ण’चा ‘न’ होतो. ‘मले-तुले’ लिहायचं ठरवलं तर शेवटपर्यंत तेच ठेवा, अधूनमधून ‘मला’ नको. आणि पुण्याच्या पात्राचे उच्चार शुद्धलेखनात बसवून फक्त वऱ्हाडी पात्राचे उच्चार जसेच्या तसे छापत असाल, तर तुम्ही त्याची टर उडवताय. डॉक्टरीणबाई आणि प्राध्यापकही घरी वऱ्हाडीच बोलतात. बोली फक्त घरगड्याच्या आणि हवालदाराच्या तोंडी घालू नका.

सावजीबद्दल दोनच ओळी. ती नागपूरकडच्या विणकर कोष्टी समाजाची पाकपद्धत आहे, साऱ्या विदर्भाचं रोजचं जेवण नव्हे. रोजच्या ताटात भाकर-पोळी, वरण, वांगं, आंबाडी, पूर्वेकडे भात. कार्यक्रमाला पानगे नाहीतर रोडगे.

स्थानिकाचं म्हणणंही तपासा

इथे बहुतेक चांगले लेख घसरतात. गावातला माणूस स्वतःच म्हणतो, ‘आमचा माणूस आळशी आहे हो’, आणि लेखकाला वाटतं पुरावाच मिळाला. ओलीत नसेल तर शेतात काम असतं सहा-सात महिने. मे महिन्यात ४५ अंशांत माणूस पहाटे पाच ते दहा राबतो आणि अकराला पारावर दिसतो; तुम्ही अकराला पोचता. शिवाय असं म्हणणारा बहुधा शेतमालक असतो आणि ‘आमचा माणूस’ म्हणजे त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. तेव्हा बोलणारा कोण, कुणाबद्दल बोलतोय, हे नोंदवा. मग त्या सालदाराला विचारा: पाडव्याला साल किती ठरलं, आणि ज्यांना गावात काम नाही ते कुठे जातात? धानपट्ट्यातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, हे तिथे कळतं.

दुसरं ठरलेलं वाक्य: ‘सगळं पश्चिम महाराष्ट्रानं पळवलं.’ यात दम आहे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला दिलेली आश्वासनं आहेत, दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात मोजलेला अनुशेष आहे, १९८८ मध्ये भूमिपूजन होऊन दशकानुदशकं रखडलेला गोसीखुर्द धरण प्रकल्प आहे. पण कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस हे मुख्यमंत्री विदर्भातलेच, आणि वसंतराव तर १९६३ ते १९७५ इतकी वर्षं. म्हणून वाक्य तसंच उद्धृत करण्याऐवजी विचारा: कोणता कालवा? तुमच्या शेतापासून किती अंतरावर थांबलाय? कुणाच्या काळात? उत्तर मिळालं की बातमी तयार होते.

तिसरं, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’. हा अभिमानाचा साचा. अमेरिकेतल्या यादवीने १८६० च्या दशकात कापसाचा भाव चढला, १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, त्या काळाची ही आठवण. सोनं तेव्हाही सगळ्यांच्या घरी नव्हतं. आजोबांच्या वेळी शेती किती होती, हे मजुराच्या घरीही विचारून पाहा.

आणि वऱ्हाडातला माणूस झाडीवाल्याबद्दल, गावातला बंजारांच्या तांड्याबद्दल, कोलामांच्या पोडाबद्दल काय बोलतो, तेही टिपा. बाहेरचे आपल्याला नावं ठेवतात म्हणणारा त्याच चहात शेजाऱ्याला नावं ठेवत असतो.

छापण्याआधी

मजकूर दोघांना वाचून दाखवा: एक ज्याच्याबद्दल लिहिलंय तो, दुसरा त्याच तालुक्यातला पण दुसऱ्या जातीचा किंवा दुसऱ्या पिकाचा. पीडीएफ पाठवू नका, फोनवर वाचा. कुठे ‘हो’ थांबतो ते ऐकू येतं. शीर्षक आणि फोटोओळही वाचून दाखवा, कारण साचा बहुतेक वेळा तिथूनच परत शिरतो, आणि त्या तुम्ही नाही, डेस्कवरचा माणूस लिहितो. त्याला फोटोसोबत महिना, तालुका आणि पीक लिहून पाठवा.