इटालियन बाग मराठवाड्यात: आधी उतार, मग पुतळे

इटलीत रोमजवळच्या टिवोली गावातल्या व्हिला देस्ते या बागेत शेकडो कारंजी आहेत, पण मूळ रचनेत एकही पंप नव्हता. सोळाव्या शतकात कार्डिनल इप्पोलितो देस्ते यांनी अनिएने नदीचं पाणी बागेच्या माथ्यावर आणवलं, पुढचं काम उतारानं केलं. संभाजीनगरच्या पाणचक्कीलाही डोंगराचं पाणी खापरी नळांतून याच न्यायानं येतं. त्यामुळे शेतातल्या घराभोवती इटालियन बाग करायची असेल तर सिमेंटचे सिंह सगळ्यात शेवटी आणा.

गवंड्याच्या लेव्हल नळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) उतार मोजा. एकूण 5 फूट मिळाला की अडीच-अडीच फुटांच्या दोन भिंती घालून तीन टप्पे पडतात. भिंत काळ्या दगडाची, पाया मात्र मुरुमावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत दोन-तीन पावसाळ्यांत पोट काढते. भिंतीमागे फूटभर खडी भरा आणि दर 5 फुटांवर पाणी निघायला 2 इंची पाइपाचा तुकडा ठेवा.

आता मधली रेघ, जिच्या दोन्ही बाजूंना बाग सारखी दिसते. इटलीतल्याच बान्याइया गावच्या व्हिला लांते या बागेत पाणी मधोमध वाहतं आणि घरच दोन भागांत, दोन बाजूंना बसवलंय. आपल्याला घर तोडायचं नाही. ओसरीच्या मध्यापासून दोरी ताणा, पाणी त्या रेघेवर ठेवा.

कारंज्याचं गणित सोपं आहे. टाकीतलं पाणी तोटीपेक्षा 8 फूट उंच असेल आणि तोटीचं भोक 6 मिमी असेल, तर मिनिटाला साधारण 11 लिटर पाणी जातं. 1000 लिटरची टाकी दीड तास पुरते. नळी 1 इंची घ्या. अर्धा इंची घेतली तर 10 मीटरमध्येच निम्मा जोर घर्षणात जातो, आणि लोक दोष टाकीला देतात! धार जितकी उंच, तितकं हौदाच्या काठाचं अंतर धारेपासून चहूबाजूंनी ठेवा, नाहीतर वाऱ्यानं पाणी बाहेर सांडतं. हौदातलं पाणी छोट्या पंपानं परत टाकीत चढवा. आपल्याकडे ते वाहून जाऊ देणं परवडत नाही. बोअरच्या जड पाण्यानं तोटीत क्षार साचतात, ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. डास होऊ नयेत म्हणून हौदात गप्पी मासे नक्की सोडा.

तिकडची बॉक्सवुड या झुडपाची कुंपणं इथल्या उन्हात टिकत नाहीत. मेंदी किंवा कामिनी फूटभर अंतरानं लावा आणि छाटताना वर अरुंद, खाली रुंद ठेवा. उलटं केलं तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही, बुंधे उघडे पडतात. तिकडच्या उंच, निमुळत्या सायप्रस झाडांच्या जागी खोटा अशोक चालतो.

लिंबाच्या कुंड्यांशिवाय ही बाग अपुरी. फ्लॉरेन्सच्या मेदिची या राजघराण्याच्या कास्तेलो इथल्या बागेत त्या थंडीत आत नेतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निम्मं ऊन अडवणारी 50 टक्क्यांची हिरवी जाळी लागते. 18 इंची कुंडीत दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग वाळू भरा. काळी माती कुंडीत दगड होते. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडतंय: चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोहाचं खत) फवारा, आणि जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.