आधी प्रत, मग पत्रिका

इंदुरात शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं सभागृह मिळालं आणि शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सिनेमाचे पाच खेळ लावायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत आवडत्या सिनेमांची यादी तयार होते. यादी खुशाल करा, पण पत्रिका छापायला टाकू नका. लेखी परवानगी आणि चालवून पाहिलेली प्रत हातात असेल तोच सिनेमा कार्यक्रमात आहे, असं धरून चाला. पाच हवे असतील तर नऊ-दहांची विचारपूस करा आणि त्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा.

परवानगी निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून घ्यायची. पहिल्याच पत्रात तारीख, वेळ, आसनसंख्या, तिकीट आहे की प्रवेश मोफत, आणि प्रत कोणत्या स्वरूपात हवी हे सगळं लिहा. नाहीतर निम्मा महिना उलटसुलट पत्रांत जातो. ओटीटीची वर्गणी घरी बघण्यापुरती असते. तिकीट लावलं नाही म्हणजे ती सभागृहात चालते, हा गैरसमज आहे. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’वरचा हक्क केव्हाच संपला. तरी चांगली प्रत कुणाच्या तरी ताब्यात असते, ती मागूनच घ्यावी लागते. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, मुलांच्या खेळाला हे आधी तपासायचं. सभागृहाला नाटकाची परवानगी असते, सिनेमाची असेलच असं नाही. व्यवस्थापकाला स्पष्ट विचारा.

आता निवड. पाच भाषांतले पाच सिनेमे घेतले, आणि पाचही दोन तासांचे, संथ, घरातल्या मृत्यूवरचे निघाले, तर त्याला वैविध्य म्हणत नाहीत. प्रत्येक सिनेमाचं एक कार्ड करा: मिनिटं, भाषा, गती, सबटायटल्स किती वाचावी लागतात, आणि बघायला कोण येईल. कार्डं टेबलावर मांडली की गोंधळ लगेच दिसतो.

शुक्रवारी सातला शंभरेक मिनिटांचा, हसवणारा, मराठी किंवा हिंदी सिनेमा ठेवा. लोकांना दार सापडायला हवं. शनिवारी अकराला मुलांचा, ८० मिनिटांच्या आत. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलांना सबटायटल्स झेपत नाहीत. दुपारी चारला तासाभराचा माहितीपट आणि त्यावर अर्धा तास गप्पा. सातला परदेशी, जड, संथ काय असेल ते. तो साडेनऊच्या आत संपला पाहिजे, कारण त्यानंतर इंदूरकराचे पाय सराफ्याकडे, रात्रीच्या खाऊबाजाराकडे वळतात आणि त्यांना अडवण्यात अर्थ नाही. रविवारी साडेदहाला जुना मराठी सिनेमा: पोहे-जिलेबी उरकून येणारी ज्येष्ठ मंडळी हा तुमचा सर्वांत भरवशाचा प्रेक्षक. दुपारी अडीचला काहीही लावू नका. जेवणानंतर अंधारात भलेभले घोरतात. दोन खेळांत निदान चाळीस मिनिटं हवीत.

तारखा ठरवताना रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) टाळा. राजवाड्याच्या आसपास पोहोचणंच अवघड होतं. गणेशोत्सवात आपलीच मंडळं कार्यक्रमांत अडकलेली असतात.

प्रतीचं स्वरूप आधी विचारा. डीसीपी, म्हणजे सिनेमागृहांसाठी बनवलेली डिजिटल प्रत, आली तर ती खऱ्या सिनेमागृहाच्या सर्व्हरवरच नीट चालते. ती कुलूपबंद असेल तर वेगळी डिजिटल किल्ली लागते, आणि ती किल्ली ठराविक सर्व्हरपुरती, ठराविक तारखांपुरती असते. खेळ तासभर उशिरा सुरू करायला गेलात आणि तोवर मुदत संपली, तर पडदा काळाच राहतो. छोट्या सभागृहाला चांगल्या दर्जाची एमपी४ फाइल किंवा ब्लू-रे पुरते.

पडद्याचं गणित सोपं आहे. बारा फूट रुंद पडदा ‘१६:९’ प्रमाणात पावणेसात फूट उंच, म्हणजे ८१ चौरस फूट. सिनेमागृहासारख्या उजेडाला दर चौरस फुटाला सुमारे १४ ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) लागतात, म्हणजे एकूण साडेअकराशेच्या आसपास. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत भडक मोडचा असतो, सिनेमा मोडमध्ये तो बराच खाली येतो, आणि दिवा जुना झाला की आणखी. म्हणून तीन हजारांखालचा प्रोजेक्टर भाड्यानं घेऊ नका. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असेल तर तो पडद्यापासून अठरा फुटांवर ठेवावा लागेल. तिरका ठेवून कीस्टोननं, म्हणजे तिरकेपणा काढणाऱ्या बटणानं, चित्र सरळ केलं, तर ते धूसर होतं. प्रोजेक्टरखालचं स्टूल हलवा, बटण दाबू नका.

जुन्या सिनेमांची चौकट जवळपास चौकोनी, १.३७ ला १. प्रोजेक्टर ‘फुल’ किंवा ‘वाइड’वर राहिला की चित्र दोन्ही बाजूंना ताणलं जातं, आणि कृश तुकोबा एकदम गोलमटोल दिसू लागतात. वर्तुळाकार काहीतरी शोधा: टाळ, चाक, तबकडी. ते लंबगोल दिसलं तर सेटिंग चुकलंय. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात तेच बरोबर. तक्रार करणाऱ्याला सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका.

आवाजात नेहमीची फसगत अशी: संगीत दणदणीत, संवाद पुटपुटल्यासारखे. ५.१, म्हणजे सहा स्पीकरांसाठीच्या आवाजात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर असतात, आणि दोनच स्पीकर जोडले असतील तर ते हरवतात. प्लेअरमध्ये स्टीरिओ डाउनमिक्स निवडा, म्हणजे सगळा आवाज दोन स्पीकरांत मिसळतो. व्हीएलसी या लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘जे’ आणि ‘के’, सबटायटल्स मागेपुढे असतील तर ‘जी’ आणि ‘एच’ ही बटणं. देवनागरी सबटायटल्सच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटली, तर सबटायटल्सची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात पुन्हा साठवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर असू द्या, नाहीतर तिसऱ्या रांगेपासून पुढच्यांची डोकीच वाचावी लागतात. एचडीएमआय केबल दहा मीटरच्या वर गेली की चित्र अधूनमधून जातं. लांब अंतराला ऑप्टिकल केबल मागवा.

आदल्या दिवशी प्रत्येक प्रत त्याच प्रोजेक्टरवर, त्याच केबलनं लावून बघा: पहिली पाच मिनिटं, मधली पाच, आणि शेवटची दहा. शेवट वगळू नका, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल नेमकी तिथेच थांबते. लॅपटॉपचा स्क्रीनसेव्हर, अपडेट आणि व्हॉट्सअपच्या सूचना बंद करा. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. एफएटी३२ फॉरमॅटमध्ये चार जीबीवरची फाइल बसत नाही, एक्सएफएटी करून घ्या. रात्री शेवटचा खेळ संपल्यावर दिव्याच्या प्रोजेक्टरची मेन स्विच लगेच पाडू नका. पंखा थांबेपर्यंत थांबा, तोवर खुर्च्या रचून होतात.