कललेलं लाकडी कुंपण सरळ कसं करावं

कोकणात पावसाळा सरला की परसातलं लाकडी कुंपण हमखास एका अंगाला कललेलं दिसतं. मग कुणी तार ओढून बांधतं, कुणी टेकू लावतं आणि पुढच्या पावसात ते पुन्हा झुकतं. दोष फळ्यांचा नसतो, खांबाच्या पायाचा असतो. दुरुस्ती तिथूनच सुरू करा.

आधी प्रत्येक खांब हलवून बघा. जो डुगडुगतो त्याच्या बुंध्याशी वीतभर माती उकरा आणि स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन लाकडात खुपसा. खांब सगळ्यात आधी कुजतो तो जमिनीलगत, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. खालचं लाकूड पुष्कळदा शाबूत असतं, म्हणून वरवर बघून काहीच कळत नाही. टोक सहज आत गेलं, भुगा पडला किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर खांब बदला. टणक लागलं तर माती सैल झाली आहे एवढंच. तोच खांब पुन्हा रोवता येतो.

फळ्या काढण्याआधी त्यांच्यावर खडूने क्रमांक टाका. खिळे उपटताना हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे फळी चिरत नाही.

आता खड्डा. खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत हवा. वर चार फूट ठेवायचा असेल तर सहा फुटी खांब घ्या आणि दोन फूट गाडा. रुंदी खांबाच्या तिप्पट. तळाशी चार-पाच इंच खडी घालून ठोका आणि खांब थेट खडीवर उभा करा. खांबाखाली काँक्रीट अजिबात ओतू नका. तिथे पाणी वाटीत साचावं तसं साचतं आणि नवा खांबही कुजू लागतो.

नवं लाकूड सागाचं किंवा ऐनाचं, गाभ्याचं घ्या. ते पूर्ण वाळलेलं असेल तरच गाडायच्या भागाला आणि त्यावर वीतभर डांबर लावा. ओल्या लाकडाला लावलं तर ओल आतच कोंडते. काजूच्या टरफलांचं तेलही चालतं, पण ते कातडी भाजतं, हातमोजे घालाच.

लागून असलेल्या दोन बाजूंना ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) धरा, खांब सरळ आला की दोन तिरक्या टेकूंनी बांधून टाका. मग एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी या प्रमाणात काँक्रीट भरा. वरचा थर खांबापासून बाहेर उतरता करा. टेकू तीन दिवस हलवू नका आणि गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारा. जांभ्याच्या कातळात मात्र मी काँक्रीट टाळते. चिऱ्याचे तुकडे पाचरीसारखे ठोकून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पहारीने धुमसला की खांब घट्ट बसतो आणि पुढे बदलायचा झाला तर सहज निघतो.

आठवड्यानंतर फळ्या गॅल्व्हनाइज्ड स्क्रूने बसवा, जमिनीपासून दोन इंच वर. दोडक्या-कारल्याचे वेल मात्र कुंपणावर चढवू नका. भिजलेल्या वेलांचं ओझं आणि त्यांनी अडवलेला वारा, दोन्ही खांबावरच येतात. त्यांना वेगळा मांडव घाला.