‘लॅब चालतच नाही’: ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स करताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी माझ्याकडे चार-पाच जण लॅपटॉप घेऊन येतात. कुणी बीसीएस करतंय, कुणी डिप्लोमा संपवून नोकरी शोधतंय, एक ताई तर बँकेतली नोकरी सोडून आयटीत यायचं म्हणतात. प्रत्येकाने ऑपरेटिंग सिस्टिम आणि सुरक्षेचा कुठला ना कुठला ऑनलाइन कोर्स लावलेला असतो. मी दिवसभर सर्व्हर सांभाळणारा माणूस, शिकवणं हा काही माझा पेशा नाही. पण या पोरांच्या नादाने अशा कोर्सांखालचे अभिप्राय मी इतके वाचलेत, की एक तारा दिसला की खाली काय लिहिलेलं असणार ते न वाचता सांगता येतं. ‘लॅब चालतच नाही.’ ‘नुसती थिअरी.’ ‘कोर्स जुना झालाय.’ ‘सिक्युरिटी शिकवतो म्हणाले आणि फोल्डर बनवायला लावले.’

यातल्या बऱ्याच तक्रारी मुळात कोर्सच्या नसतात. लॅपटॉपच्या असतात, घाईच्या असतात, मधले धडे गाळल्याच्या असतात. काही मात्र शंभर टक्के खऱ्या असतात.

तारे मोजू नका, तारखा बघा

अनेक ठिकाणी पहिला आठवडा संपता संपताच अभिप्राय मागतात. तेव्हा दिलेले पाच तारे म्हणजे ताट वाढलेलं बघूनच ‘जेवण छान’ म्हणण्यासारखं. मी तीन ताऱ्यांवाले आधी वाचतो. तो माणूस सहसा शेवटपर्यंत गेलेला असतो, नेमका कुठे अडला ते सांगतो, आणि आवडलेलंही सांगतो.

‘जुना झालाय’ ही तक्रार जरा निवडून घ्यावी लागते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम बेल लॅब्समध्ये १९६९ मध्ये सुरू झालं. फाइलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे ही परवानग्यांची मांडणी त्या घराण्यातली, आणि आजच्या उबंटूत (हे लिनक्सचंच एक लोकप्रिय रूप) ती जशीच्या तशी आहे. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) म्हणजे काय, मेमरी कशी वाटली जाते, हे सांगणारा दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओही चालतो. पडद्यावर विंडोज १० दिसतंय आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कोर्स टाकून द्यायची गरज नाही. पण ‘सगळ्यांना दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायला लावा’ असं जर तो कोर्स आजही छातीठोकपणे सांगत असेल, तर तक्रार खरी समजा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याची काही खूण नसताना लोकांना ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावू नका. लोक मग शेवटचा आकडा वाढवतात आणि काम भागवतात. आमच्या ऑफिसात निम्मे पासवर्ड महिन्याच्या नावावर होते, हे मी स्वतः पाहिलंय.

शेवटच्या मजल्यावर उडी

गूगलचं आयटी सपोर्टचं प्रमाणपत्र २०१८ मध्ये आलं तेव्हा त्यात ५ कोर्स होते. ऑपरेटिंग सिस्टिम तिसरा, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन चौथा आणि सुरक्षा पाचवा. हा क्रम उगाच नाही. पण आमच्याकडचा एक पोरगा थेट पाचव्यावर गेला, कारण ‘काका, मला हॅकिंगच शिकायचंय, बाकी येतं मला.’ त्याला म्हटलं, तुझ्या मशिनवर आत्ता कुठल्या प्रोसेस कुणाच्या नावावर चालू आहेत ते दाखव. गप्प. मग नको असलेली प्रोसेस तू ओळखणार कशी?

याच घाईची दुसरी तऱ्हा म्हणजे पहिल्याच दिवशी काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा तपासायच्या साधनांनी भरलेलं लिनक्स, टाकणं. ते ड्रॅगनचं चित्र पडद्यावर आलं की निम्मा कोर्स झाल्यासारखं वाटतं. लिनक्सशी ओळख नसलेल्यांनी यावर शिकायला सुरुवात करू नये, असं काली बनवणारेच आपल्या माहितीपानावर सांगतात. साधं उबंटू घ्या.

लॅब

सगळ्यात जास्त वैताग इथे आहे, म्हणून जरा बैजवार सांगतो.

व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, नवीन मशिन बनवायला घेतलं आणि यादीत ६४ बिटचा पर्यायच नाही. किंवा मशिन सुरू करताच ‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’ अशा अर्थाची चूक आली. इथे लोक व्हर्च्युअलबॉक्स तीनदा काढून तीनदा टाकतात. त्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर काय लिहिलंय ते वाचा. ‘डिसेबल्ड’ असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. ती सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद आहे. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीवर बहुतेकदा एसव्हीएम.

आता बायोसमध्ये शिरण्याआधी एक गोष्ट करा, जी बरेच व्हिडिओवाले सांगत नाहीत. सांगलीहून एका मुलीचा रात्री साडेदहाला फोन आला. “दादा, निळा स्क्रीन आलाय आणि ४८ आकडी की मागतोय. मी काहीच केलं नाही.” काहीच केलं नाही म्हणजे काय केलं, ते विचारत विचारत गेलो. व्हिडिओ बघून तिने व्हर्च्युअलायझेशन चालू केलं होतं, आणि त्याच व्हिडिओत दाखवलं म्हणून जाता जाता सिक्युअर बूटही (मशिन सुरू होताना फक्त विश्वासातलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद केलं होतं. तिच्या विंडोजवर बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरची माहिती सांकेतिक करून ठेवणारं, कुलूप होतं. ते आपण मुद्दाम लावलेलं नसलं तरी नव्या लॅपटॉपवर बरेचदा आपोआप लागलेलं असतं. मशिन सुरू होतानाची घडण बदलली, डिस्कची किल्ली सांभाळणाऱ्या टीपीएम चिपला संशय आला आणि तिने किल्ली द्यायला नकार दिला. म्हणजे सुरक्षा अगदी जशी चालायला हवी तशीच चालली होती! रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. पण खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने बाबांच्या ईमेलवर काढलेलं. बाबा झोपलेले, पासवर्ड त्यांना आठवेना, ओटीपी जुन्या नंबरवर. सिक्युअर बूट परत चालू करायला सांगितलं, तेव्हा कुठे साडेअकराला विंडोज उघडलं.

तेव्हा आधी बिटलॉकरची की शोधा, कागदावर लिहा, मगच बायोस. आणि तिथे फक्त व्हर्च्युअलायझेशन चालू करा. बाकी कशाला हात लावू नका.

मशिन चालू झालं पण मुंगीच्या पावलाने चालतंय? व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत छोटं हिरवं कासव दिसतंय का बघा. खरंच, कासवच आहे. विंडोजच्या हायपर-व्हीने (विंडोजची स्वतःची आभासी मशिनं चालवणारी यंत्रणा) व्हर्च्युअलायझेशनची सोय आधीच ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मागून काम करावं लागतंय, असा त्याचा अर्थ. ते घालवायला मेमरी इंटिग्रिटी (याच यंत्रणेवर चालणारी विंडोजची एक सुरक्षा) बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. सुरक्षेचा कोर्स करण्यासाठी स्वतःच्या मशिनची सुरक्षा काढायची, हा उलटा न्याय झाला. कमांडच शिकायच्या असतील तर कासवासकट चालवा, काही बिघडत नाही. ८ जीबीच्या लॅपटॉपवर पाहुण्या (आतल्या आभासी) मशिनला ६ जीबी देऊन घरच्याला उपाशी ठेवू नका, एवढं पाळलं तरी खूप फरक पडतो. साध्या उबंटू सर्व्हरला २ जीबी पुरते.

आणि सगळं नीट चालू झालं त्या क्षणी स्नॅपशॉट (मशिनच्या तेव्हाच्या स्थितीची जपून ठेवलेली प्रत) घ्या. का, ते पुढे येईल.

कमांड बरोबर, तरी चालत नाही

पहिली अडचण इतकी साधी आहे की सांगायला लोक लाजतात. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करू देणारी कमांड) पासवर्ड मागतं, आपण टाइप करतो आणि पडद्यावर बहुतेकदा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करा, एंटर मारा.

दुसरी जास्त छळते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेली किंवा पीडीएफमधून उचललेली कमांड चिकटवली की त्यातल्या साध्या आडव्या रेघेची कधी कधी लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार. डोळ्यांना फरक दिसत नाही, शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला) दिसतो. चिकटवलेली कमांड हटून बसली की ती हाताने टाइप करून बघा. तसंही हाताने टाइप केलेलीच डोक्यात राहते.

परवानगी नाकारली? मग ७७७

या एका सवयीवर माझा खरा राग आहे. ‘परमिशन डिनाइड’ आलं की कुठेतरी उत्तर सापडतं: चमॉड (परवानग्या बदलायची कमांड) ७७७. चिकटवलं, चाललं, पुढे. आकड्यांचा हिशेब सोपा आहे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. म्हणजे ६४४ केलं तर मालक वाचेल-लिहील आणि इतर नुसते वाचतील. ७७७ म्हणजे घर, भाऊबंद आणि अख्खा गाव, सगळ्यांना तिजोरीची किल्ली. फोल्डरवरचा १ म्हणजे ‘चालवणं’ नव्हे तर ‘आत शिरणं’, हे मात्र घोकून ठेवा. फाइल वाचायची परवानगी असूनही ती उघडत नाही, याचं कारण बरेचदा वरच्या फोल्डरवर तो १ नसणं हे असतं.

लिनक्सवरचे काही प्रोग्रामही ७७७ सहन करत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. एसएसएचच्या (दुसऱ्या मशिनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) खासगी किल्लीची फाइल सगळ्यांना उघडी दिसली की एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. तिला ६०० करा, चालेल. आमच्यातल्या एका पठ्ठ्याने वैतागून सिस्टिमच्या सेटिंग्ज असलेल्या पूर्ण ईटीसी फोल्डरला आतल्या सगळ्यासकट ७७७ लावलं. पुढच्या मिनिटाला सुडो म्हणालं, माझी नियमांची फाइल कुणीही लिहू शकतं, मी काम करणार नाही. आता परवानग्या दुरुस्त करायच्या तर सुडो हवं, आणि सुडो तर रुसलेलं. रिकव्हरी मोडमधून एकेक फाइल सुधारत बसता येतं, पण त्याने मला विचारलं, “आता?” मी विचारलं, “स्नॅपशॉट?” घेतला नव्हता. मशिन पुन्हा पहिल्यापासून उभं केलं, दीड तास गेला.

त्यामुळे परवानगी नाकारली की आधी तीन प्रश्न: मी कोण म्हणून लॉगिन आहे, ही फाइल कुणाची आहे, आणि मला यातलं नेमकं काय हवंय. बहुतेक वेळा आकडा बदलायचाच नसतो, मालक बदलायचा असतो.

‘नुसती थिअरी’

पेजिंगचा (मेमरी तुकड्यांत वाटण्याचा) धडा आला की लोक व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवतात. मीही कॉलेजात तेच केलं. मग जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाची त्रुटी उघड झाली. साधा प्रोग्राम कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीतलं वाचू शकत होता, दोष थेट प्रोसेसरमध्ये, आणि उपाय म्हणून कर्नलची आणि वापरकर्त्याची पेज टेबलं (मेमरीचे नकाशे) वेगळी करावी लागली. ऑफिसात सगळ्यांनी पॅच लावले. का लावतोय ते कळण्यासाठी मला पळवलेला तोच धडा उघडून बसावं लागलं.

थिअरी हाताला लागावी म्हणून एक छोटा प्रयोग सांगतो. उबंटूत सुडोला मुद्दाम तीनदा चुकीचा पासवर्ड द्या. मग व्हार फोल्डरात लॉगमध्ये जाऊन ऑथ नावाच्या लॉगची शेवटची ओळ वाचा. तुमचं नाव, वेळ, तीन चुकीचे प्रयत्न आणि तुम्ही कुठली कमांड चालवायला निघाला होतात, सगळं तिथे असतं. प्रश्नमंजुषेची उत्तरं शोधून प्रमाणपत्र मिळवलेल्याला मुलाखतीत ‘लॉग कुठे बघशील?’ एवढंच विचारतात आणि तो तिथे अडकतो.

शेजाऱ्याच्या वायफायवर सराव

पोर्ट स्कॅन (एखाद्या मशिनची कुठली दारं उघडी आहेत ते तपासणं) शिकवला की हात शिवशिवतात. हॉस्टेलचं वायफाय, कॉलेजची वेबसाइट, काकांच्या दुकानाचा राउटर. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी शिकत होतो’ याने फार मदत होत नाही. नकळतही घडतं: पाहुण्या मशिनचं नेटवर्क ब्रिज्डवर असेल तर ते हॉस्टेलच्या नेटवर्कवर वेगळा संगणक म्हणून उभं राहतं, आणि अख्ख्या रेंजवर सोडलेला स्कॅन सगळ्यांच्या दारावर थाप मारून येतो. सरावाची दोन मशिनं होस्ट-ओन्लीवर (फक्त तुमच्या लॅपटॉपपुरत्या नेटवर्कवर) ठेवा आणि एकमेकांत भांडू द्या.

मदत मागताना

‘सर लॅब नॉट वर्किंग प्लीज हेल्प.’ याला उत्तर मिळत नाही, मग तोच माणूस एक तारा देऊन ‘सपोर्ट शून्य’ लिहितो. सांगलीच्या त्या मुलीने परवा ग्रुपवर टाकलेला प्रश्न असा होता: विंडोज ११, रॅम ८ जीबी, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू २४.०४. नेटवर्क होस्ट-ओन्ली केल्यापासून अपडेट होत नाही, पिंग बाहेर जात नाही, दुसऱ्या मशिनला मात्र जातो. चुकीच्या संदेशाचा फोटो नाही, मजकूरच चिकटवलेला. मी चहा ओतेपर्यंत बँकेतल्या ताईंनी उत्तर दिलं होतं: होस्ट-ओन्लीतून इंटरनेट मिळतच नाही, अपडेटपुरता दुसरा ॲडॅप्टर एनएटीवर (लॅपटॉपच्या मार्फत इंटरनेट देणारी सोय) जोड आणि काम झालं की काढून टाक.