चिमणीच्या उंचीवर बोलायचंय? मग सुनावणीला असं जा

नागपूरजवळच्या कोराडीसारखं जुनं औष्णिक वीज केंद्र नव्याने उभं राहताना जनसुनावणीची सूचना 30 दिवस आधी पेपरात येते. त्याच दिवशी कामाला लागा. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. मी आधी चिमणीचं पान काढते: उंची किती, धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा आहे का? 500 मेगावॅट व त्यावरच्या वीजनिर्मिती संचाला 275 मीटर उंच चिमणीचा नियम. ही यंत्रणा असली की कमी उंचीही चालते. उंच चिमणी धूर संपवत नाही, लांब नेते, हे ठासून सांगा. गच्चीवरच्या पापडांवर राख बसली असेल तर तारखेसह फोटो जोडा. हरकत दोन प्रतींत द्या, पोच घ्या. माझी पहिली हरकत पोचेविना हरवली. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचतात, तोवर उठू नका.