गोळी मागण्याआधी स्ट्रिप वाचा

सदाशिव पेठेत माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक बहुतेक कॉट बेसिसवर राहणारी कॉलेजची मुलं-मुली. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

‘काकू, तापाची गोळी द्या’ एवढंच मागू नका. आधी काय घेतलंय, तेही सांगा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा पॅरासिटामॉल मागायला आला. विचारलं तेव्हा कळलं, सकाळपासून रूममेटकडची सर्दीची गोळी तीनदा आणि आईने दिलेली तापाची गोळी तीनदा घेऊन झाली होती. दोन्ही स्ट्रिपा काउंटरवर ठेवायला लावल्या. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी, खालच्या बारीक अक्षरांत मात्र दोन्हीकडे पॅरासिटामॉल. एकीत 500 मिलिग्रॅम, दुसरीत 650. म्हणजे 3,450 पोटात गेलेलं. मोठ्या माणसाला 24 तासांत 4,000 च्या वर द्यायचं नाही, लिव्हरला इजा होते. अजून एक 650 ची गोळी, आणि तो त्यापुढे गेला असता! माझ्या काळजात धस्स झालं.

म्हणून ब्रँड नको, बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. दिसत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठं करा. एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राहू द्या, गोळ्या दुसऱ्या बाजूने काढत या.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. घसा दुखला म्हणून मैत्रिणीची उरलेली अझिथ्रोमायसिन तर नकोच. साधी सर्दी व्हायरसची असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मी चिठ्ठी मागते तेव्हा रागावू नका. सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकांना पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव मला रजिस्टरला लिहावंच लागतं.

पावसाळ्यात ताप येऊन अंग ठणकत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ओआरएसचं अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळा. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या सेटिरिझिनने झोप येते, पेपरच्या सकाळी टाळा.

गोळीनंतर अंगावर पुरळ आलं तर ती थांबवून डॉक्टरांकडे जा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. नंतर औषधाच्या अशा त्रासाची नोंद घेणाऱ्या 1800-180-3024 या मोफत सरकारी क्रमांकावर कळवता येतं. त्या औषधाचं नाव मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि यापुढे प्रत्येक डॉक्टरांना आधी तेच सांगा.