राउटरचं फर्मवेअरही अपडेट करा

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. फोन स्वतःहून अपडेट मागतो, राउटर बहुतेक वेळा मागत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं जुन्याच त्रुटी घेऊन तो चालू राहतो.

१. राउटर उलटा करून लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअर आवृत्ती (व्ही१, व्ही२ वगैरे) टिपून घ्या. मॉडेल एकच असलं तरी आवृत्तीप्रमाणे आतली चिप वेगळी असू शकते. चुकीची फाइल चढली की राउटर सुरूच होत नाही.

२. लेबलवरच्या पत्त्यावरून सेटिंग्जचं पान उघडा आणि आधी बॅकअप फाइल उतरवून ठेवा. काही राउटर अपडेटनंतर कोरे होतात, म्हणून इंटरनेट जोडणीचं युजरनेम-पासवर्डही कागदावर लिहिलेलं बरं.

३. फर्मवेअर फक्त कंपनीच्या साइटवरून घ्या. फाइल झिप असेल तर उघडून आतली फाइल द्या.

४. वायफायवरून नको, लॅन केबल लावूनच ही फाइल सेटिंग्जच्या पानावर अपलोड करा.

५. झाल्यावर रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग्ज बदलण्याची सोय) बंद आहे ना, ते बघा. स्वयंचलित अपडेटची सोय असेल तर चालू करा.

कंपनीने अपडेट देणं थांबवलं असेल, तर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत, मुक्त फर्मवेअरच्या यादीत तुमचं मॉडेल आणि नेमकी हार्डवेअर आवृत्ती शोधा. १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) आणि १२८ एमबी रॅम असेल तर तो राउटर आणखी काही वर्षं वापरता येईल. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅमवाल्याच्या नादी लागू नका. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला मात्र हात लावण्याआधी त्यांना विचारा.

अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर राउटर त्यावरच जोडा.